जनुकांचे ज्ञान कोणाचे?

जानेवारी २०२० मध्ये परभणी जिल्ह्यातील पाथरी हे तालुक्याचे गाव एकाएकी साऱ्या महाराष्ट्राच्या चर्चेचा विषय झाले. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपये देण्याची घोषणा तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी केली, शिर्डीकरांनी तिला हरकत घेतली आणि १९ जानेवारी रोजी शिर्डीत बंद पाळण्यात आला. ज्या सत्पुरुषाने आपला जन्म, कूळ आणि धर्म यांविषयी मौन पाळले, त्याच्या जन्मस्थानावरून दोन गावे समोरासमोर उभी राहावीत, याला काय म्हणावे? कोण कोठे जन्मला आणि कोणाच्या पोटी जन्मला यावर थोरवी मोजण्याची सवय या समाजात किती खोल रुजलेली आहे, याचेच हे एक प्रत्यंतर होय.

त्याच पाथरी तालुक्यातील माध्यमिक शाळांत नववी-दहावीची मुले जन्म आणि वारसा यांविषयीचे एक वेगळे शास्त्र दरवर्षी शिकतात. बालभारतीच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ हे प्रकरण आहे. २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागाचा प्रारंभच ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या प्रकरणाने होतो. गुणसूत्रे, डीएनए, जनुके, मेंडेलचे वाटाण्यावरील प्रयोग, सिकलसेलसारखे आजार, उत्परिवर्तन आणि डार्विन एवढा मोलाचा ऐवज या पानांत आहे. जन्मस्थानाला कोट्यवधींची घोषणा लाभली. या पानांच्या वाट्याला मात्र वर्षाकाठी मोजक्या तासिका, फळ्यावरची एक आकृती आणि परीक्षेतील काही गुणांचे प्रश्न एवढेच येते. ‘३:१’ हे गुणोत्तर पाठ करून विद्यार्थी घरी जातो, तेव्हा ओसरीवर कापसाच्या बियाण्याचे पाकीट पडलेले असते. त्या पाकिटाचा आणि त्या गुणोत्तराचा काही संबंध आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. शिक्षणाचे आणि जीवनाचे जे घटस्फोटित नाते या देशात ठायीठायी दिसते, त्याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

मेंडेलचा सिद्धान्त हा मुळात शेतातला सिद्धान्त आहे. ब्रुनो येथील मठाच्या बागेत या पाद्र्याने वर्षानुवर्षे वाटाण्याची हजारो झाडे लावली, मोजली आणि १८६५ मध्ये आपले निष्कर्ष विद्वानांपुढे ठेवले. उंच आणि बुटक्या झाडांचा संकर केला की पहिल्या पिढीत सारी झाडे उंच निघतात. त्या उंच झाडांचे बी पुन्हा पेरले की पुढच्या पिढीत चारांत एक झाड बुटके निघते. याचा अर्थ असा की पहिल्या पिढीत बुटकेपण नाहीसे झालेले नसते, ते दडून राहिलेले असते. प्रत्येक गुणासाठी जीवाला दोन घटक मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. आणि पुढच्या पिढीला देताना त्यांतील एकच दिला जातो. एवढ्या साध्या हिशेबावर पुढील सारे जनुकशास्त्र उभे आहे. जगाने मेंडेलची दखल १९०० मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी घेतली.

हा हिशेब पाथरी-मानवतच्या काळ्या रानात आणून पाहिला पाहिजे. मराठवाड्यातील शेतकऱ्याचा आजा घरचीच सरकी राखून ठेवी आणि मृगात पेरी. सरळ वाणाचे बी आईबापासारखेच निपजते. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून ‘एच-४’ हा व्यापारी लागवडीचा पहिला संकरित कापूस बाहेर पडला आणि चित्र पालटू लागले. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राचा ‘नांदेड ४४’ हा संकरित वाणही पुढे शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरला. संकरित वाण जोमदार असतो, परंतु त्याची सरकी राखून पेरली तर दुसऱ्या वर्षी शेतात एकसारखे पीक उभे राहत नाही. काही झाडे उंच, काही खुजी; काही बोंडांनी लगडलेली, काही वांझोटी. शेतकरी म्हणतो, ‘बी बिघडले.’ वास्तविक बी बिघडलेले नसते. मेंडेलच्या बागेत दुसऱ्या पिढीत जे घडले तेच त्याच्या रानात घडलेले असते. दरवर्षी दुकानात जाऊन बी विकत घेण्याची सक्ती कायद्याच्या कलमात लिहिलेली नाही, ती संकराच्या गणितात आहे. हे गणित ज्याला समजते त्याचा धंदा चालतो आणि ज्याला समजत नाही तो गिऱ्हाईक होतो. दहावीच्या वर्गात एवढे जरी सांगितले, तरी शाळेने पाथरीच्या शेतकऱ्याचे अर्धे ऋण फेडले असे म्हणता येईल.

याच्या पुढची कथा अधिक गंभीर आहे. २६ मार्च २००२ रोजी केंद्रीय समितीने बीटी कापसाला मान्यता दिली. मातीत आढळणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतील एक जनुक कापसाच्या डीएनएमध्ये बसविण्यात आले. त्यामुळे बोंडअळीला मारक ठरणारे प्रथिन झाड स्वतःच तयार करू लागले. जालन्याच्या महिकोने मोन्सॅन्टो या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने हे बियाणे आणले. २००६ मध्ये दोन जनुकांचा दुसरा अवतार आला. प्रारंभीची काही वर्षे बोंडअळीवरील फवारण्या घटल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मान्यता देताना एक अट घालण्यात आली होती: बीटी कापसाच्या सभोवार पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राचा पाचवा हिस्सा, यांपैकी जे अधिक असेल तेवढ्या जागेत साधा, बिनबीटी कापूस लावला पाहिजे. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या सरकीची पुडी देण्यात येई. ती पुडी बहुतेकांनी बांधावर टाकली, जनावरांपुढे ठेवली किंवा उघडलीच नाही.

ती पुडी कशासाठी होती? याचे उत्तर नववीच्या पुस्तकातील चौकटीत आहे. बोंडअळीच्या कोट्यवधी पतंगांत एखाद-दुसरा असा असतो की ज्याच्या अंगी बीटीचे विष पचविणारा घटक असतो. हा घटक बहुधा अप्रभावी असतो. तो आईकडून आणि बापाकडून असा दुहेरी मिळाला तरच अळी वाचते. एकेरी मिळाला तर ती मरते. शेतात सर्वत्र बीटीच असेल तर जगणारे पतंग सगळे दुहेरी घटकांचे. ते आपसांत मीलन करणार आणि त्यांची सारी प्रजा विष पचविणारीच निघणार. पण शेजारी साध्या कापसाच्या ओळी असतील, तर तेथे विषाला बळी पडणारे पतंग हजारोंनी वाढतात. एखाद्या चिवट पतंगाची गाठ त्यांच्यापैकीच कोणाशी तरी पडते आणि त्यांची प्रजा एकेरी घटकाची, म्हणजे मरणारी निघते. साध्या कापसाच्या पाच ओळी म्हणजे किडीला दिलेला नैवेद्य नव्हे. किडीच्या वंशावळीत केलेला तो हिशेबी हस्तक्षेप होता. शासनाने आणि कंपन्यांनी पाकिटावर सूचना छापली. सूचनेमागचे कारण मात्र कोणी सांगितले नाही, आणि ज्याचे कारण कळत नाही ती सूचना पाळली जात नाही.

याही पलीकडची एक गोष्ट आहे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत बीटी जनुक सरळ वाणात बसविले गेले. भारतात ते प्रामुख्याने संकरित वाणात आणले गेले, कारण संकरित बियाणे दरवर्षी विकता येते. संकरित झाडात बीटी घटक एकेरी असतो. त्या झाडाच्या बोंडात जी सरकी तयार होते ती त्याची पुढची पिढी. आणि तेथे मेंडेलचा हिशेब चुकत नाही. एका जनुकाच्या बीटीत चारांतील एक सरकी विषाविना असते. दोन जनुकांच्या बीटीत सोळांतील नऊ सरक्यांत दोन्ही विषे, सहांत कोणते तरी एक आणि एकीत एकही नसते. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून नेमकी सरकीच खाते. एकाच बोंडात कोठे पूर्ण विष, कोठे अर्धे तर कोठे काहीच नाही, अशी पंगत तिला मिळाली. विषाची सवय लावून घेण्यास याहून चांगली शाळा कोणती? शिवाय हिरवी बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावरही जगते; तिला आश्रयाच्या ओळी निसर्गाने दिल्या होत्या. गुलाबी अळीचे जीवन जवळजवळ सर्वस्वी कापसावर अवलंबून. म्हणून विषाचा बांध तिनेच प्रथम फोडला. ९:३:३:१ हे गुणोत्तर पाठ करून जो विद्यार्थी गुण मिळवितो, त्याला हे कोणी सांगितले आहे काय?

परिणाम सर्वांपुढे आहे. २०१० मध्ये मोन्सॅन्टोनेच गुजरातमधील चार जिल्ह्यांत एका जनुकाच्या बीटीला गुलाबी अळी दाद देत नसल्याचे मान्य केले. पुढच्या काही वर्षांत दोन जनुकांचे बीटीही निष्प्रभ झाले. २०१७ च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भ यांतील कापूस गुलाबी अळीने पोखरला. फुलांच्या डोमकळ्या झाल्या, बोंडे किडकी निघाली आणि उभ्या पिकात नांगर घालण्याची पाळी अनेकांवर आली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीने विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. इकडे अमेरिकेत बीटी कापूस, आश्रयाच्या ओळी आणि वंध्य केलेले पतंग यांच्या एकत्रित मोहिमेतून २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. कीड तीच, जनुकेही तीच. भेद होता तो बियाणे कोणत्या स्वरूपात द्यावे हे कोणी ठरविले आणि ते वापरणाऱ्याला कितपत विश्वासात घेतले, यात.

यावरून शेतकऱ्याच्या अज्ञानावर खापर फोडणे हा मात्र उलटा न्याय होईल. दोन एकरांच्या कोरडवाहू तुकड्यावर संसार चालविणाऱ्याने पाच ओळी किडीला सोडाव्यात, ही अपेक्षा करताना त्या ओळींच्या नुकसानीची भरपाई कोण देणार हे कोणी बोलले नाही. पुडीतील सरकीच्या दर्जाविषयीही तक्रारी होत्या. पुढे पाकिटातच साधी सरकी मिसळून देण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. म्हणजे शेतकऱ्याला समजावून सांगण्याऐवजी त्याच्या समजुतीची गरजच काढून टाकण्यात आली. जनुकशास्त्राचे ज्ञान असते तर २०१७ चे संकट टळले असते, असा भाबडा दावा करण्याचे कारण नाही. परंतु हे ज्ञान गावात असते तर गावाने प्रश्न विचारले असते: सरळ वाणात बीटी का नाही? विद्यापीठाचे बियाणे मागे का पडले? भरपाई कोण देणार? जो प्रश्न विचारू शकतो त्याला नागरिक म्हणतात आणि ज्याला सूचना दिल्या जातात त्याला ग्राहक म्हणतात. जनुकशास्त्र शिकविण्याचा राजकीय अर्थ हा आहे.

बियाण्याचा प्रश्न शिवारातला, तर दुसरा प्रश्न घरातला आहे. स्त्रीच्या पेशीत एक्स हे लिंग-गुणसूत्र दुहेरी असते. पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय. आईकडून प्रत्येक अपत्याला एक्सच मिळते, बापाकडून एक्स किंवा वाय. हे वाक्य पाठ्यपुस्तकात आहे आणि मुलगा होत नाही म्हणून सुनेला छळण्याची रीतही तालुक्यात जिवंत आहे. दोन्ही गोष्टी एकाच घरात सुखाने नांदतात, कारण पुस्तकातील वाक्य परीक्षेसाठी आणि सुनेचा छळ व्यवहारासाठी, अशी वाटणी ठरून गेलेली आहे. गोदावरीच्या पलीकडच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली आढळल्या. साऱ्या राज्याची संख्याही ९१३ वरून ८९४ पर्यंत घसरली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये याच महाराष्ट्राने केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. कायद्याने सोनोग्राफीच्या यंत्रावर पहारा बसविला. घरातील समजुतीवर पहारा कोण बसविणार?

येथे शिक्षकाने एक काळजी घेतली पाहिजे. ‘लिंग बाप ठरवितो’ एवढेच सांगितले, तर दोषाची गाठोडी सुनेच्या डोक्यावरून काढून नवऱ्याच्या डोक्यावर ठेवल्यासारखे होते. शास्त्र तसे सांगत नाही. शास्त्र सांगते की कोणीच काही ठरवीत नाही. नाणे उडवावे तसा हा प्रकार आहे. तीन मुली झालेल्या जोडप्याला चौथी मुलगी होण्याची शक्यताही जवळजवळ निम्मीच असते, कारण नाण्याला आधीचे डाव आठवत नाहीत. नवस, गंडे, वैदूचे औषध यांच्या ‘गुणाची’ ख्याती कशी पसरते तेही याच हिशेबात आहे: शंभर जणींना राख दिली तरी पन्नास जणींना मुलगा होणारच, आणि त्या पन्नास जणी बुवाची कीर्ती गातील. पाथरीजवळच्या मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधन आणि अपत्यप्राप्ती यांच्या नादापायी स्त्रिया आणि कोवळ्या मुली यांचे बळी गेले, हा इतिहास त्या परिसराला विसरता येणार नाही. जन्माविषयीचे अज्ञान हे केवळ अज्ञान राहत नाही. ते प्रसंगी रक्त मागते.

आजारांच्या बाबतीतही तेच. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलचा आजार मोठा आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्राने त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि तपासणीनंतर लोकांना कार्डे देण्याचे ठरविले. सदोष जनुक एकेरी असलेला माणूस सामान्यतः निरोगीच असतो. असे दोघे विवाहबद्ध झाले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. हा विचार ज्याला समजला तो पत्रिकेऐवजी कार्ड जुळवून पाहील. ज्याला समजला नाही त्याच्या हाती तेच कार्ड मुलीला ‘खोट’ लावण्याचे साधन होईल. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथा जुनी आहे. एकाच आजी-आजोबांकडून आलेले अप्रभावी दोष अशा विवाहात एकत्र येण्याचा संभव वाढतो. हे कोणालाही न हिणवता, प्रथेची टवाळी न करता सांगता येते आणि ते शाळेतच सांगितले पाहिजे, कारण लग्नाच्या बैठकीत ते ऐकून घेण्यास कोणी तयार नसतो.

तिसरा प्रश्न समाजाचा. ‘खाण तशी माती’ या म्हणीच्या आधारे या देशात सहस्रावधी वर्षे माणसांची प्रतवारी लावण्यात आली. आता जुनी भाषा लाजिरवाणी वाटू लागल्यामुळे तोच माल ‘आमच्या डीएनएमध्येच आहे’ अशा नव्या वेष्टनात विकला जातो. शौर्य, व्यापार, विद्वत्ता आणि गुन्हेगारी यांचे ठेके जातवार वाटणाऱ्यांनी जनुकशास्त्राचे पहिले पान उघडून पाहावे. कोणत्याही दोन माणसांच्या डीएनएतील सुमारे ९९.९ टक्के मजकूर सारखाच असतो. उरलेल्या भेदाविषयी रिचर्ड लेवॉन्टिन या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये दाखवून दिले की, त्यातील सुमारे ८५ टक्के भेद कोणत्याही एका जनसमूहाच्या आतच आढळतात. समूहासमूहांतील भेद त्या मानाने किरकोळ असतात. पाथरीच्या इतिहासात याचा एक सुंदर दाखला आहे. इतिहासकार फिरिश्ता याच्या वृत्तांतानुसार, अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचे घराणे मूळचे पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचे. बाप गुलाम म्हणून बहामनी दरबारी नेला गेला, मुसलमान झाला, वजीर झाला आणि मुलाने सल्तनत स्थापिली. दोन पिढ्यांत कुळकर्णाचे सिंहासन झाले, पोथीच्या जागी कुराण आले; जनुके मात्र तीच राहिली. जनुकावर जातही लिहिलेली नसते आणि धर्मही.

या शास्त्रावर राजसत्तेची वक्रदृष्टी पडावी, हे म्हणूनच आकस्मिक नाही. जानेवारी २०१८ मध्ये मराठवाड्याच्या राजधानीत, औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर), तत्कालीन केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असून तो शाळांतून काढून टाकावा, असे उद्गार काढले. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याचा जाहीर निषेध केला आणि ज्येष्ठ मंत्र्यांनाही सारवासारव करावी लागली. परंतु पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांती गळाली आणि नुसती आनुवंशिकता उरली. कारण सांगण्यात आले ते अभ्यासाचा भार कमी करण्याचे. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी पत्रक काढून विरोध नोंदविला. उत्क्रांती आता केंद्रीय अभ्यासक्रमात बारावीच्या जीवशास्त्रापर्यंत थांबते. आणि तेथवर किती मुले पोचतात? गुलाबी अळीने पंधरा वर्षांत विष पचविण्याची शक्ती मिळविली, ही डोळ्यांदेखत घडलेली उत्क्रांती आहे. उत्क्रांती वगळून आनुवंशिकता शिकविणे म्हणजे सरकी दाखवून कापसाचे झाड लपविणे होय.

येथे समाजवाद्यांनी स्वतःच्या अंगणातील इतिहासही आठवला पाहिजे. सोव्हिएत संघात लायसेन्कोने मेंडेलच्या शास्त्राला ‘भांडवली’ ठरविले. ऑगस्ट १९४८ च्या परिषदेत पक्षाच्या शिक्क्यानिशी जनुकशास्त्राला बंदी झाली. जगभर फिरून पिकांच्या बियाण्यांचा अमोल संग्रह करणारे वाविलोव्ह त्याआधीच, १९४३ मध्ये, सारातोव्हच्या तुरुंगात मरण पावले होते. त्याची किंमत रशियातील शेतीने आणि शेतकऱ्याने दीर्घकाळ मोजली. कामगारांच्या वृत्तपत्रातून सोप्या भाषेत विज्ञान शिकविणारे जे. बी. एस. हाल्डेन त्यानंतर साम्यवादी पक्षापासून दुरावले. १९५७ मध्ये ते भारतात आले, या देशाचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तले. सत्तेने, मग तिचा रंग कोणताही असो, प्रयोगशाळेतील सत्य ठरवू लागले की प्रथम शास्त्रज्ञ मरतो आणि नंतर शेतकरी. मंत्र्याच्या व्यासपीठावरून डार्विन खोडणाऱ्यांचा निषेध करताना हा धडा विसरता कामा नये. म्हणूनच बीटी कापूस चांगला की वाईट, याविषयी पक्षाची कोणतीही भूमिका वर्गात शिकविली जाऊ नये. भूमिका घेण्यास लागणारी सामग्री शिकविली जावी.

काही कार्यकर्ते म्हणतील, जेथे पाचवीच्या मुलाला नीट वाचता येत नाही तेथे डीएनएच्या गोष्टी कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. वाचन आणि विज्ञान एकमेकांचे वैरी नाहीत. घरच्या पाकिटावरचा मजकूर वाचण्याचे कारण मिळाले तर वाचनही सुधारेल. दुसरे असे की, शहरांतील आणि लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांतील मुले हेच शास्त्र वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेसाठी घोटून घेतात. तेथे आनुवंशिकता ही जागा मिळविण्याची शिडी झाली आहे. ज्याच्या बापाला ती शिडी विकत घेता येत नाही, त्याच्यासाठी दहावीचा वर्ग हीच या विद्येची पहिली आणि शेवटची भेट. तीच पोकळ ठेवणे म्हणजे ज्ञानाची जमीनदारी कायम ठेवणे होय.

साधनांचा अभाव ही सबबही पुरी पडत नाही. पिकलेले केळे कुस्करावे, त्यात मीठ आणि भांडी घासण्याचा द्रवसाबण घातलेले पाणी मिसळावे, कपड्यातून गाळावे आणि वरून थंडगार स्पिरिट अलगद सोडावे. काही मिनिटांत पांढरे धागे तरंगू लागतात. तो डीएनएचाच पुंजका. तुरीचे आणि मुगाचे दाणे दोन पिशव्यांत समसमान मिसळून मुलांनी डोळे मिटून प्रत्येकीतून एकेक दाणा काढला आणि शंभर जोड्या मोजल्या, की मेंडेलचे गुणोत्तर फळ्यावर न लिहिताही वर्गात अवतरते. जिल्ह्याच्या ठिकाणी १९७२ पासून कृषी विद्यापीठ उभे आहे. भेंडीच्या रानटी भावंडाशी संकर करून केवडा रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी तेथे तयार झाली. लोह आणि जस्त यांनी समृद्ध ‘परभणी शक्ती’ ज्वारी २०१८ मध्ये तेथूनच आली. पाथरीच्या मुलांनी ही नावे बाजारात ऐकलेली असतात. ती माणसांनी मेंडेलच्या वाटेने घडविलेली आहेत, हे त्यांना तेथे नेऊन दाखविता येईल.

महाराष्ट्रात २०२५-२६ पासून पहिलीच्या वर्गापासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम आणण्यास प्रारंभ झाला आहे. दहावीची पाळी येईल तेव्हा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या जोडनावातील दुसरा शब्द राहतो की जातो, यावर आतापासून नजर ठेवली पाहिजे. तालुका शाखांनी चार मागण्या घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे: उत्क्रांतीला हात लागू नये, प्रत्येक माध्यमिक शाळेत विज्ञानाचा पात्र शिक्षक आणि प्रयोगाचे माफक साहित्य असावे, पाथरीसारख्या गावात उर्दू माध्यमाच्या शाळांनाही, विशेषतः मुलींच्या वर्गांना, ते तितकेच मिळावे, आणि कृषी विद्यापीठाने जिल्ह्यातील दहावीच्या वर्गांसाठी आपली दारे वर्षातून एकदा तरी उघडावीत. मागण्यांखेरीज एक काम कार्यकर्त्यांनी स्वतः करावे. मृगाच्या आधी, बियाणे खरेदीच्या दिवसांत, गावातील दहावी झालेल्या मुलामुलींना चावडीवर बोलवावे आणि बियाण्याच्या पाकिटावरील मजकूर त्यांच्याकडून गावाला वाचून आणि समजावून घ्यावा.

राज्यघटनेच्या ५१-अ कलमाने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. हे कलम १९७६ च्या घटनादुरुस्तीने, म्हणजे आणीबाणीच्या काळोखात, घटनेत आले हा इतिहासाचा उपरोध. परंतु दिवा कोणी लावला यावरून उजेड नाकारण्याचे कारण नाही. त्या दृष्टिकोनासाठी नरेंद्र दाभोलकरांनी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्याच्या रस्त्यावर प्राण दिला. त्यांचे स्मरण सभांतून होते तसे ते दहावीच्या वर्गातूनही झाले पाहिजे. पाथरीला कोणाचे जन्मस्थान म्हणून कोटी मिळतील न मिळतील. पण तेथे जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला आपल्या जन्माचे आणि आपल्या बियाण्याचे शास्त्र कळले पाहिजे. हा त्यांचा वारसाहक्क आहे आणि तो मिळवून देणे हे समाजवादी चळवळीचे काम आहे.